वालधुनीच्या काठाने: अंबरनाथ परिसरातील पाणी आणि वस्ती

अंबरनाथच्या डोंगरपायथ्याचा काकोळे येथील तलाव आज पावसाळी पदभ्रमणासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याची बांधणी फिरायला येणाऱ्यांसाठी झालेली नाही. स्थानिक लोक त्याला अजूनही ‘जीआयपी टँक’ म्हणतात, कारण तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधला. १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि या खोऱ्यातील पाणी शेतीइतकेच वाहतुकीसाठीही मोलाचे ठरले.

काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ असून त्यात उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातील माम्वाणी राजाचे नाव येते. मंदिराची घडण भूमिज शैलीची आहे. या शैलीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमधील जागा लहान शिखरांच्या प्रतिकृतींनी थरावर थर रचून भरली जाते. गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खाली असल्याने दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. हे मंदिर त्याच्या नदीपासून वेगळे काढून पाहणे अपुरे आहे, आणि म्हणूनच पुरातत्त्व खात्याचे संरक्षण मंदिराला लाभले असताना शेजारचा प्रवाह सांडपाण्याने भरावा, ही गोष्ट फार खेदाची आहे.

खाली उल्हासनगरात नदीचा इतिहास एकाएकी दाट होतो. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असे पत्ते अजूनही रूढ आहेत. शून्यातून उभ्या राहिलेल्या या वस्तीने घराघरांत उद्योग उभारले, ही तिची मोठी कर्तबगारी होय. परंतु त्या उद्योगांचे, विशेषतः जीन्स रंगवण्या-धुण्याचे, पाणी वालधुनीतच उतरले.

बदलापूरकडे मात्र पाणी अजून मोकळे आहे. भोज गावाजवळील कोंडेश्वराचे शिवस्थान व धबधबा येथे भाविक आणि भटके दोघेही जातात, तर बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने कारखाने व शहरांच्या पुरवठ्यासाठी बांधले. ओढ्याला अचानक लोंढा येऊन माणसे बुडाल्याने प्रशासनाला अशा ठिकाणी पावसाळ्यात प्रवेशबंदीही करावी लागली आहे. खोऱ्यातल्या पाण्याचा जोर लोहमार्गालाही चुकलेला नाही: २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि तिच्यातील सुमारे हजार प्रवाशांना बचाव पथकांनी बोटींच्या साहाय्याने बाहेर काढले.