अंगठ्याखालचे चाक : बेटकास्टिंग रिळाचा मागोवा

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चिनी चित्रकार मा युआन यांचे एक चित्र आहे. इसवी सन 1195च्या आसपासचे हे चित्र दक्षिण सोंग घराण्याच्या काळातले मानले जाते. चित्रात बहुतेक सगळीकडे रिकामे पाणी आहे, मधोमध छोटी होडी आणि तिच्या टोकाशी वाकून बसलेला एकटा गरवणारा. त्याच्या हातातल्या काठीकडे नीट पाहिले, तर तिला लावलेले एक लहानसे चाक दिसते. गळाच्या काठीवरील रिळाचे आपल्याला ठाऊक असलेले हे सर्वांत जुने चित्रण. त्या चाकाचे काम साधे होते. जास्तीची दोरी साठवायची, मासा ओढू लागला की सोडायची आणि तो दमला की गुंडाळायची. आज नवशिक्या माणूस ज्या बेटकास्टिंग रिळापुढे (म्हणजे आमिष फेकताना ज्याचे चाक स्वतः फिरते, अशा रिळापुढे) हतबल होतो, त्याचा मूळपुरुष असा शांत स्वभावाचा होता. दूर फेकण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, आणि म्हणून गुंताही नव्हता. ही जबाबदारी त्याच्याकडे कशी आली आणि तिच्यापायी त्याची किती वेळा पुनर्रचना झाली, ते आता आपण क्रमाने पाहू.

चीनमधून आपण थेट सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये येतो. 1651 साली टॉमस बार्कर यांनी गळाने मासे धरण्याच्या कलेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पाइक नावाचा मासा धरणाऱ्या एकाची काठी त्यांनी त्यात वर्णिली आहे. काठीच्या बुडापासून दोन फुटांवर छिद्र पाडून त्यात एक फिरते चाक बसवलेले होते आणि त्यावर दोरी हवी तेव्हा सोडता आणि गुंडाळता येई. इंग्रजी ग्रंथांतला रिळाचा हा पहिला ज्ञात उल्लेख. पुढे चारच वर्षांनी, 1655 साली, आयझॅक वॉल्टन यांच्या गाजलेल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत सॅमन धरणाऱ्यांच्या काठीवरील चाकाचा उल्लेख येतो. शब्दांनी सांगण्यापेक्षा ते चाक प्रत्यक्ष पाहिल्यानेच अधिक समजेल, असे म्हणून वॉल्टन पुढे जातात. इतक्या जाणत्या लेखकालाही ते उलगडून सांगणे जड जावे, इतके ते तेव्हा नवे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे साहित्यविक्रेते ओनेसिमस उस्टनसन यांनी दातेरी चाकांचे रीळ विकायला आणले. मूठ एकदा फिरवली की दोरीचे चाक अनेकदा फिरे. कल्पना उत्तम होती, पण तेव्हाचे दाते भार सोसण्याइतके काटेकोर नव्हते. ब्रिटनमधील गरवणारे हळूहळू साध्या चाकाकडे परतले आणि हा धागा तिथे जवळजवळ तुटला.

तो जोडला गेला अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. तिथल्या नद्यांत बास नावाचा मासा मुबलक होता आणि तो धरायला जिवंत लहान मासोळी गळाला लावून दूर फेकण्याची पद्धत रुळत होती. मासोळीचे वजन थोडे. जड चाकावरची दोरी ती ओढून नेऊ शकत नसे. त्यामुळे हवे होते ते इतके हलके आणि सहज फिरणारे चाक, की त्या मासोळीच्या झेपेनेच ते फिरू लागावे. 1820च्या आसपास केंटकीतल्या पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर यांनी असे रीळ घडवले. स्नायडर घड्याळजी होते आणि चांदीकामही करीत, ही गोष्ट आपण विसरू नये. बारीक दाते कापणे, आस अचूक बसवणे आणि घर्षण कमी करणे ही त्यांची रोजचीच विद्या होती. पुढच्या पिढीत फ्रँकफोर्ट गावच्या जोनाथन आणि बेंजामिन मीक या घड्याळजी भावांनी हे काम हाती घेतले. न्यायाधीश मेसन ब्राऊन यांनी त्यांच्याकडून रीळ बनवून घेतले आणि तिथून त्यांच्या कामाची सुरुवात झाली, असे सांगितले जाते. त्यांच्याकडे उमेदवारी केलेले बेंजामिन मायलम हेही पुढे नामांकित कारागीर झाले. मुठीच्या एका फेऱ्याला चाकाचे चार फेरे, हे प्रमाण या केंटकी रिळांनी रूढ केले. एकेक रीळ हाताने घडे आणि त्यावर कारागिराचे नाव कोरलेले असे.

इथे आपण थोडे थांबू, कारण नवशिक्याच्या अडचणीचा उगम नेमका इथे आहे. केंटकीच्या घड्याळजींनी चाक इतके मोकळे केले, की ते थांबेनासे झाले. फेकीच्या आरंभी आमिष वेगाने निघते आणि आपल्यामागे चाकाला फिरवते. पुढे हवेच्या विरोधाने आमिष मंदावते, चाकाला मात्र मिळालेला वेग तसाच राहतो. मग ते गरजेपेक्षा जास्त दोरी सोडू लागते. सुटलेल्या दोरीला बाहेर जायला वाव नसतो, ती चाकावरच फुगते, वेटोळ्यांत वेटोळी अडकतात आणि क्षणात गुंता होतो. पतंगाची ओढ अचानक गेली आणि फिरकी तशीच फिरत राहिली की मांज्याचे जे होते, तेच इथे होते. अमेरिकेत या प्रकाराला बॅकलॅश हे नाव पडले. त्यावर केंटकीच्या लोकांचा उपाय होता अंगठा. फिरत्या दोरीवर अंगठा अलगद टेकवायचा, आमिष मंदावेल तसा दाब वाढवायचा आणि ते पाण्याला लागण्याआधी चाक पूर्ण थांबवायचे. 1881 साली डॉ. जेम्स हेनशॉल यांनी बास माशावर ग्रंथ लिहिला आणि केंटकीतली ही विद्या देशभर पोहोचली. शतक संपता संपता मिशिगन आणि शिकागोकडच्या मंडळींनी लांब काठ्या सोडून आखूड काठीने डोक्यावरून फेकायला सुरुवात केली आणि आजची फेक आकाराला आली.

यानंतरचा इतिहास म्हणजे अंगठ्याचा भार हलका करण्याचा सव्वाशे वर्षांचा उद्योग. पहिला भार गुंडाळण्याचा होता. परत ओढताना दोरी चाकावर एकसारखी पसरावी म्हणून ती बोटांनी डावी-उजवीकडे सरकवत राहावी लागे. एका बाजूला ढीग झाला, की पुढची फेक हमखास गुंते. मिशिगनमधल्या कॅलामझूचे विल्यम शेक्सपिअर (हे नाटककार नव्हेत) यांनी 1890च्या दशकात दोरीला आपोआप मागेपुढे नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळवले आणि तिच्यावर आपली कंपनी उभारली. आजही बहुतेक बेटकास्टिंग रिळांच्या तोंडाशी सरकणारी जी छोटी कडी दिसते, ती या यंत्रणेची वारस आहे. त्याच सुमारास मिशिगनमध्येच डोवॅजियॅकचे जेम्स हेडन लाकडाचे कोरीव बेडूक करून बासला भुलवू लागले. लाकडी आमिषाला नेमके वजन होते, ते दर फेकीला सारखेच उडे आणि जिवंत मासोळीसारखे गळून पडत नसे. या नियमित वजनामुळे फेकीचा सराव करणे शक्य झाले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडच्या कारखान्याने गुंता न होणारे रीळ म्हणून एक रचना बाजारात आणली. ताणलेली दोरी एक तार उचलून धरी. दोरी सैल पडली की तार खाली येई आणि चाकाला आपोआप रोध लागे. अंगठ्याचे काम यंत्रावर सोपवण्याचा हा आरंभीचा गंभीर प्रयत्न.

काहींनी मात्र चाक फिरवण्याची कल्पनाच सोडून दिली. 1905 साली ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर चाकाच्या रिळाचे पेटंट घेतले. ते कापड-उद्योगाच्या शहरातले होते. गिरणीतल्या कांडीच्या टोकावरून सूत जसे सुटते, तशी या रिळातली दोरी स्थिर चाकाच्या कडेवरून सुटते. चाक फिरतच नाही, म्हणून ते आमिषाच्या पुढे धावतही नाही. नायलॉनचा तंगूस आल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर, हे स्पिनिंग रीळ जगभर पसरले. टेक्सासमधल्या रोटन गावचे आर. डी. हल, हेही पेशाने घड्याळजीच, बॅकलॅशला कंटाळले होते. दुकानातल्या स्थिर गुंड्यावरून सुतळी सुटताना पाहून त्यांना झाकणबंद रिळाची कल्पना सुचली, असे सांगतात. तेलविहिरींसाठी स्फोटके करणाऱ्या टल्सातल्या झीरो अवर बॉम्ब कंपनीने 1949 साली ते बाजारात आणले आणि पुढे त्या कंपनीचे नावच झेबको झाले. या दोन शोधांनंतर बेटकास्टिंग रीळ इतिहासजमा होईल, असे वाटण्यासारखी परिस्थिती होती.

ते टिकले, आणि त्याचे श्रेय पुन्हा घड्याळांच्या जगाकडे जाते. स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावी कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी 1921 साली घड्याळांचा कारखाना काढला. रिळांसाठी ओळखले जाणारे आबू हे नाव त्याच कारखान्याच्या नावातून आले आहे. घड्याळांनंतर तिथे टॅक्सीचे मीटर बनू लागले. दुसऱ्या महायुद्धात ती मागणी आटली, तेव्हा बोर्गस्ट्रॉम यांचे चिरंजीव योते यांनी कारखाना रिळांकडे वळवला. 1950च्या दशकाच्या आरंभी त्यांचे अँबॅसडर 5000 हे रीळ आले. आधीच्या बहुतेक अमेरिकी रिळांत फेकताना मूठही उलटी गरगरत असे आणि बोटांना फटके बसत. इथे एक कळ दाबली की चाक मुठीपासून सुटे होई आणि एकटेच फिरे. शिवाय चाकाच्या आसाजवळ लहान ठोकळे बसवले होते. वेग वाढला की ते बाहेर सरकून कड्याला घासत आणि चाकाला आवर घालत. गंमत अशी, की त्याच 1921 साली जपानमधल्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानो यांनी सायकलचे फ्रीव्हील करायला सुरुवात केली होती. एका दिशेला मोकळे फिरणारे चाक हा त्यांच्या कारखान्याचा पाया होता. 1970 साली या कंपनीने मासेमारीच्या साहित्याचा विभाग काढला आणि पुढच्या दशकांत मुठीत मावणारी, बसक्या आकाराची रिळे घडू लागली. 1980च्या दशकात दाइवासारख्या कंपन्यांनी चुंबकाचा रोध रूढ केला. फिरत्या धातूजवळ चुंबक आणला की धातूत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात आणि त्याची गती रोखतात. भौतिकशास्त्रज्ञ फुको यांनी 1855 साली दाखवलेले हे तत्त्व सव्वाशे वर्षांनी रिळात उतरले. एकविसाव्या शतकात तर चाकाच्या फिरण्यातूनच वीज घेणारा छोटा संगणक रिळात बसला आणि तो क्षणाक्षणाला रोध कमी-अधिक करू लागला.

आता आपण आजच्या नवशिक्यापर्यंत येऊन पोहोचलो. महाराष्ट्रातल्या धरणांवर बेडकाच्या आकाराचे आमिष फेकून मरळीची वाट पाहणारे तरुण हेडन यांचाच वारसा चालवत आहेत. त्यांनी रीळ हाती घेताच हा सारा इतिहास क्रमाने उजळणीस घ्यावा. आधी आमिष: दहा ते पंधरा ग्रॅमचे, ठरावीक वजनाचे, आणि सरावाला गरी काढून मोकळ्या मैदानावर. दोरीसाठी नायलॉनचा तंगूस घ्यावा, कारण बारीक विणलेली दोरी वेटोळ्यांत रुतून बसते. मग मुठीजवळचा ताणाचा खटका इतका आवळावा, की कळ दाबल्यावर आमिष संथपणे खाली यावे आणि जमिनीला टेकताच चाक थांबावे. ठोकळ्यांचा वा चुंबकाचा रोध आरंभी जास्त ठेवावा आणि हात बसेल तसा पायरीपायरीने कमी करावा. फेक हिसक्याची नसावी, काठीला वजन जाणवू देऊन सरळ रेषेत सोडलेली असावी. वाऱ्याच्या विरुद्ध सुरुवात करू नये. गुंता झालाच तर कात्री शोधू नये. अंगठा चाकावर घट्ट दाबून मूठ दोन-तीन वेळा फिरवावी आणि मग दोरी हळू ओढावी. बरीच वेटोळी त्यानेच मोकळी होतात.

आणि अंगठा कधीही उचलू नये. तार, ठोकळे, चुंबक आणि संगणक यांनी त्याचे ओझे कमी केले, पण आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणी चाक थांबवण्याचे काम आजही त्याच्याकडेच आहे. म्हणून नवशिक्या वाचकाला एवढेच सांगणे: पहिल्या दिवशीच्या गुंत्याचा दोष आपल्या हाताला देऊ नका. चाक अधिकाधिक मोकळे फिरावे, या दोनशे वर्षांच्या ध्यासाची ती अटळ किंमत आहे. महागड्या रिळाच्या आधी चार संध्याकाळी मैदानावर द्या आणि रोध कमी करत जा. स्नायडर आणि मीक यांच्या गिऱ्हाइकांना जे अंगठ्याने साधले, ते आपल्यालाही साधते.