अफूचें घर

अफू सुटत नाहीं याचा दोष आमच्या समाजानें पूर्वापार अफूबाजाच्या दुबळ्या मनास लावला, आणि विषय संपविला. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण सुरू केलें. अफूपासूनच निघणाऱ्या गर्दाच्या पाशांत सांपडलेले तरुण तेथें येऊं लागले. गर्द बंद होतांच अंगावर कांटा येई, नाकाडोळ्यांतून पाणी वाहे, पोटांत मुरडा पडे, हाडें ठणकत, झोंप उडे. या यातनांस व्यसनी लोक ‘टर्की’ म्हणत.

तिचें मूळ तोंवर शास्त्रज्ञांस बरेंचसें गवसलें होतें. १९७३ सालीं अमेरिकेंत पर्ट व स्नायडर यांनीं मेंदूंतील अफूचीं ग्रहणस्थानें दाखविलीं; १९७५ सालीं स्कॉटलंडांत ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांस मेंदू स्वतःच निर्माण करीत असलेलें अफूसारखें द्रव्य सांपडलें. म्हणजे अफूचें घर आमच्या डोक्यांत आधींपासूनच होतें! मेंदूच्या देठांत निळसर पेशींचा एक लहानसा ठिपका आहे. जागृति व भय यांचीं सूत्रें बव्हंशीं त्याच्या हातीं. अफू त्यास दाबून ठेवते, आणि तोही दाबाविरुद्ध जोर करावयास शिकतो. अफू काढली कीं दाबलेल्या स्प्रिंगसारखा तो उसळतो. रक्तदाबावरील क्लोनिडीन या औषधानें ही उसळी शमते, असें १९७८ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. ज्यास आम्ही मनाचा दुबळेपणा म्हणत आलों, त्यांतील पुष्कळसा भाग या पेशींचा होता.

टर्की आठ-दहा दिवसांत बहुतांशीं ओसरते. जुन्या सोबत्यांची हांक मात्र पुढें वर्षानुवर्षें येत राहते. तिच्यासाठीं मुक्तांगणांत समूहांत बोलतें करणें व घरच्यांसही उपचारांत घेणें हे उपाय आहेत.