अठरा मीटरची रेघ

स्कूबा शिकून नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या माणसाला समुद्र खुला होतो, पण ठरावीक खोलीपर्यंतच. ‘पाडी’ या जगभर पसरलेल्या संस्थेचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरची हद्द असते. पुढचा अभ्यासक्रम केला की ३० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची अखेरची सीमा ४०. पाण्यात अर्थातच कोणी खूण करून ठेवलेली नाही. अठराव्या मीटरला जसे पाणी, तसेच एकोणिसाव्याला. तरीही रेघ तिथेच पडली, आणि तिची कुळकथा लंडनमधल्या शेळ्यांपर्यंत मागे जाते.

एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये खोदण्यासाठी नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत मजूर काम करत. वर आल्यावर कुणाचे सांधे असह्य दुखत, कुणाचे पाय लुळे पडत, काही जण मरत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये कारण दाखवले. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. कारण कळले, पण किती खोलीवरून किती सावकाश वर यायचे याचा हिशेब कुणापाशी नव्हता. ब्रिटिश नौदलासाठी तो शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मांडला. लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या दाबकक्षात शेळ्या ठेवायच्या, दाब चढवायचा, उतरवायचा आणि निरखत राहायचे. दुखू लागले की शेळी पुढचा पाय उचलून धरी. ४२ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून, पाणबुडा थेट वर आला तरी त्याला बाधा होत नाही, हेही हॉल्डेन यांच्या लक्षात आले होते. दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीर सोसते, हे त्यांचे मूळ सूत्र. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह त्यांनी १९०८ मध्ये हा हिशेब निबंधरूपाने प्रसिद्ध केला आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते नौदलांच्या हाती आले.

त्या वेळचा पाणबुडा तांब्याचे शिरस्त्राण घालून, नळीतून येणाऱ्या हवेवर काम करणारा होता. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये युद्धकाळातल्या फ्रान्समध्ये पाठीवरच्या टाकीतून श्वास पुरवणारे ‘अॅक्वालंग’ तयार केले आणि माणूस पाण्याखाली मोकळा पोहू लागला. या मोकळ्या पोहणाऱ्यामुळे अमेरिकी नौदलात एक वाद उभा राहिला. फ्रॉगमन पथकाचे डग्लस फेन यांना मिनिटाला १०० फूट या वेगाने वर यायचे होते. जड पोशाखातले पाणबुडे दोरावरून मिनिटाला जेमतेम १० फूट चढत. तडजोड झाली ६० फुटांवर, सेकंदाला एक फूट. जगभर अनेक वर्षे पाळला गेलेला वेग असा वाटाघाटीतून आला, हे आज वाचताना थोडे धसकायला होते.

अमेरिकी नौदलाचे १९५७ चे तक्ते याच वेगावर बेतलेले होते. त्यांत ६० फुटांवर ६० मिनिटे राहून कुठेही न थांबता वर येता येते. १०० फुटांवर हीच मुभा २५ मिनिटांची, १३० फुटांवर अवघी दहाची. हौशी डायव्हिंगची ४० मीटरची सीमा म्हणजे हेच १३० फूट.

नौदलाचे जवान तरुण, कसलेले, आणि गरज पडलीच तर दाबकक्ष हाताशी असणारे. लॉस एंजेलिस काउंटीने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सामान्य नागरिकांना स्कूबा शिकवायला सुरुवात केली, १९६० मध्ये ‘नाऊई’ आणि १९६६ मध्ये ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या, तेव्हा शिकायला येणारे मात्र कारकून, विद्यार्थी, गृहिणी असे होते. त्यांच्यासाठी ६० फूट, म्हणजे आपल्या भाषेत दहा वाव, हा आकडा फार सोयीचा ठरला. वेळ भरपूर मिळतो. टाकी बहुधा त्याआधीच संपते, कारण तिथला दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असल्याने हवाही तितक्याच पट वेगाने खर्च होते. खोल पाण्यात नायट्रोजनमुळे चढणारी गुंगी साधारण ३० मीटरच्या आसपास जाणवू लागते, ती इथे दूर आहे. आणि काही बिघडलेच, तर जुन्या वेगाने पृष्ठभाग फक्त एका मिनिटावर. नंतरच्या संशोधनाने वेळ थोडा कमी केला, वर येण्याचा वेग निम्म्यावर आणला. रेघ मात्र हलली नाही.

मीटरमध्ये मोजणाऱ्यांनी तीच २० वर नेली. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबचा ‘ओशन डायव्हर’ २० मीटरपर्यंत जातो, आयएसओच्या मानकातही स्वतंत्र डायव्हरला २० मीटरच आहेत. फ्रान्समध्ये तर खोलीच्या पायऱ्या क्रीडा संहितेतच, म्हणजे कायद्यात, लिहिलेल्या आहेत.

खोलीइतकेच महत्त्व डोक्यावरच्या मोकळ्या पाण्याला आहे. फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांत कितीतरी डायव्हर मेले, त्यांत खुल्या समुद्रातले प्रशिक्षकही होते. गुहांत डायव्हिंग करणारे शेक एक्स्ले यांनी १९७९ च्या पुस्तकात या मृत्यूंचा छडा लावला: बाहेर नेणारी दोरी नाही, परतीपुरती हवा राखलेली नाही, खोली जास्त. म्हणून तिथल्या जिनी स्प्रिंग्समध्ये ‘ओपन वॉटर’चे साधे प्रमाणपत्र-कार्ड असलेल्याला डेव्हिल्स झऱ्यांत टॉर्च नेण्यास बंदी आहे. उजेड हाती असला की माणूस आत ओढला जातो, हे ओळखून केलेला इतका शहाणा नियम क्वचितच सापडेल.

कोकणातल्या डायव्हरला ही कुळकथा ठाऊक हवी. तारकर्ली-मालवणला पर्यटक ज्या पाण्यात उतरतात ते उथळ, आणि शेजारी प्रशिक्षक असतो. त्यातून कार्ड मिळत नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची बुडालेली प्रवाळभूमी आहे, आंग्रिया बँक. तिचा सर्वांत उथळ माथाही २० मीटरहून थोडा खाली आहे. म्हणजे १८ मीटरच्या कार्डावर तिथल्या प्रवाळाला हात टेकण्याइतकेही जाता येत नाही. ज्याला आंग्रिया पाहायची आहे त्याने पुढचा अभ्यासक्रम आधी पुरा करावा, आणि बोट ठरवणाऱ्याने कार्ड मागितले तर राग मानू नये.