मुअजिझा
मुअजिझा : पैगंबराच्या हातून घडणाऱ्या चमत्कारास इस्लामी धर्मशास्त्रात असलेली पारिभाषिक संज्ञा. ‘असमर्थ करणे’ या अर्थाच्या अरबी क्रियापदावरून ती बनली असून, जिच्यासारखे काही करून दाखविण्यास प्रतिपक्ष असमर्थ ठरतो अशी घटना, हा तिचा अर्थ होय. या विशिष्ट अर्थाने ही संज्ञा कुराणात येत नाही. तेथे ‘आयत’ म्हणजे खूण हा शब्द योजिलेला आहे. कुराणातील वचनासही हाच शब्द लावतात.

मूसाच्या काठीचा साप होणे, इब्राहीमसाठी आग शीतल होणे, ईसाने जन्मांधांना व कुष्ठरोग्यांना बरे करणे इ. चमत्कार कुराणात सांगितले आहेत. ते सर्व ईश्वराच्या आज्ञेने घडतात. मक्केच्या लोकांनी महंमद पैगंबरांकडे असेच चमत्कार मागितले, तेव्हा आपण केवळ मानवी प्रेषित आहोत, असे उत्तर देण्याची आज्ञा त्यांना झाली (१७ : ९०–९३). अवतरलेला ग्रंथ हीच पुरेशी खूण मानण्यात आली (२९ : ५१) आणि त्यासारखा एक तरी अध्याय रचून दाखविण्याचे आव्हान विरोधकांना देण्यात आले (२ : २३).

पुढे हदीस व चरित्रग्रंथांतून चंद्र दुभंगणे, बोटांतून पाणी वाहणे इ. चमत्कार पैगंबरांच्या नावे नोंदविले गेले. अकराव्या शतकात अबू नुऐम व बैहकी यांनी अशा कथांचे मोठे संग्रह सिद्ध केले. तथापि कुराणाचे अननुकरणीयत्व (इअजाझ) हाच श्रेष्ठ चमत्कार मानला गेला. ईश्वराने लोकांना अनुकरणापासून परावृत्त केले, असे नज्जाम या मुअतझिली पंडिताचे मत होते, तर बाकिल्लानी (मृ. १०१३) व अब्दुल काहिर जुर्जानी यांनी ग्रंथाच्या रचनेतच अननुकरणीयत्व पाहिले. या वादातून अरबी साहित्यशास्त्राची मोठी वाढ झाली.

संतांच्या चमत्कारांना ‘करामत’ म्हणतात. सामान्य माणसांकडूनही चमत्कार घडले, तर पैगंबरत्वाचा पुरावाच दुबळा होईल, म्हणून बहुतेक मुअतझिलींनी ते नाकारले. अशअरी पंथाने ते मान्य केले. मात्र मुअजिझा पैगंबरत्वाच्या दाव्यासह व आव्हानासह येतो आणि संताने मात्र करामत गुप्त ठेवावी, असा भेद केला. जादू या दोहोंपासून वेगळी मानली जाते. सूफी दर्ग्यांभोवतीच्या लोकश्रद्धेला करामतीच्या या कल्पनेचा आधार मिळाला.

चमत्कार शक्य मानल्यास सृष्टिनियमांचे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांपुढे होता. अल्-गझालीने (१०५८–११११) अग्नी व कापूस यांचे उदाहरण घेऊन कार्यकारणसंबंध अनिवार्य नसल्याचे प्रतिपादिले. आपण ज्याला नियम म्हणतो ती ईश्वराने चालविलेली रीत असून ती तो मोडू शकतो, असे त्याचे म्हणणे. कारणे नाकारणे म्हणजे ज्ञानच नाकारणे होय, असे प्रत्युत्तर इब्न रुश्दने (११२६–९८) दिले. भारतात सर सय्यद अहमदखान (१८१७–९८) यांनी ईश्वराची कृती व ईश्वराचे वचन यांत विरोध असू शकत नाही, या भूमिकेवरून चमत्कारकथांचा बुद्धिवादी अर्थ लावला. त्यांना पारंपरिक उलेमांचा तीव्र विरोध झाला. असे असले, तरी कुराण हाच पैगंबरांचा चिरस्थायी मुअजिझा होय, याविषयी मुस्लिमांत सर्वसाधारण एकमत आहे.