एका दिवसाचे दान

दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्ध्याकडे कापूस फुटतो. पहिल्या वेचणीआधी सीतादही होते, शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग बाया ओटी बांधून तासाला लागतात. देणारा कोणी दुसराच आहे, आपण केवळ वेचणारे, हा भाव त्यात असतो.

हाच भाव यहुदी लोकांच्या ‘निर्गम’ ग्रंथातील 16व्या अध्यायात आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी पडले. तेव्हा पहाटेच्या दवाबरोबर जमिनीवर पांढरे दाणे पडलेले दिसले. ‘हे काय?’ असे त्यांनी आपल्या भाषेत विचारले, आणि त्या प्रश्नावरूनच ‘मान्ना’ हे नाव पडले. माणशी एक ओमेर माप वेचायचे, अशी आज्ञा होती. कोणी जास्त वेचले, कोणी कमी. पण 18व्या वचनात सांगितले आहे की, मापून पाहता पुष्कळ वेचणाऱ्याचे उरले नाही आणि थोडे वेचणाऱ्याला उणे पडले नाही. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवले, त्यांच्या दाण्यांत किडे पडले.

ह्याचा अर्थ, साठवूच नये, असा का? शेतकऱ्याला हे कसे पटावे? पेव भरले नाही तर आषाढात खायचे काय? पण त्याच परंपरेच्या ‘उत्पत्ति’ ग्रंथात योसेफ सात वर्षे धान्याची कोठारे भरतो आणि दुष्काळात ती उघडतो. तेथे किडे पडत नाहीत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचलेला मान्नाही नासत नाही. तेव्हा दोष साठ्याचा नव्हे. उद्या मिळणार नाही ह्या भयाने, शेजाऱ्याकडे पाठ करून केलेला साठा तेवढा कुजतो. पुढे पहिल्या शतकात संत पौलाने करिंथकरांना गरिबांसाठी मदत मागताना हेच वचन पुढे ठेवले.

हे वाचताना मला आमची मगनवाडी आठवते. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याची ही वाडी त्याचे घर झाली. संघाचे काम जो. कॉ. कुमारप्पा ह्यांनी उभे केले. ते तंजावरचे, जन्माने ख्रिस्ती, हिशेबतपासनीसाचा धंदा सोडून गांधीजींकडे आलेले. पुढे तुरुंगात असताना त्यांनी एक पुस्तक येशूच्या शिकवणीवर लिहिले आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. पैशाविषयी त्यांचा आक्षेप साधा होता: फळे विकणाऱ्याचा माल नासतो, पैसेवाल्याचा पैसा नासत नाही, म्हणून घासाघीस करताना फळवाल्याला नमावे लागते. मान्न्याच्या गोष्टीत सर्वांचाच माल नासणारा होता, म्हणून कोणीच कोणापुढे नमला नाही! हा धागा माझा, कुमारप्पांचा नव्हे. पण ओढून ताणून जुळवलेला नाही.

गोष्टीचा शेवट मला अधिक आवडतो. चाळीस वर्षांनी ते लोक कनान देशात पोचले, तेथले धान्य खाऊ लागले, आणि मान्ना थांबला. म्हणजे कृपा संपली काय? मुळीच नाही! आता ती नांगराच्या वाटेने येऊ लागली.

यंदा फराळाचे ताट भरताना एक ओमेर मनात ठेवावा. आपल्याला पुरले, आता शेजारच्या घरी उणे पडले नाही ना, एवढे पाहून मग पहिला घास घ्यावा.