वीतभर कागद आणि आडवा पडदा

आमच्या दादांचे वय ८४. त्यांचा उजवा डोळा गेल्या वर्षी गेला. डावा किती दिवस साथ देईल हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्हीही खोदून विचारीत नाही. घरात मोडी वाचणारे ते एकटेच उरले आहेत. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला खरा, पण मोडी कागद समोर आला की माझी गाडी तिसऱ्या शब्दाला अडते. म्हणून वाईच्या घरातल्या जुन्या रुमालातील १८६ कागदांचे फोटो पुतण्याने काढून दिले तेव्हा असा बेत ठरला, की दादांनी श्रावणात आमच्याकडे मुंबईस यावे, वाचून सांगावे आणि मी बालबोधीत उतरून घ्यावे. बेत फसला तो पहिल्याच दिवशी. फसविला तो माझ्या लॅपटॉपच्या १४ इंची पडद्याने.

ज्यांनी मोडी कागद पाहिलेला नाही त्यांना थोडे सांगावयास हवे. कागद वीतभर रुंद आणि हातभर, कधी दोन हात लांब. मजकूर उरला तर खाली दुसरा बंद चिकटवावयाचा. दरबारी कागद असेल तर शिक्का माथ्याशी आणि मोर्तब अखेरीस. एखादी गोष्ट पक्की झाली की आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, ते यावरूनच. दादांची रीत अशी, की कागद हाती आला की आधी त्याचे शेपूट पाहावयाचे, मग माथा, म्हणजे अस्सल की नक्कल याचा अंदाज येतो. मजकूर त्यानंतर. लॅपटॉपवर माथा दिसे तेव्हा शेपूट नसे, आणि शेपूट दिसे तेव्हा माथा गडप! अक्षर दादांना दिसेल एवढे मोठे करावे, तर जेमतेम सहा ओळी मावत. त्यात मोडीचा रिवाज आधी कागदभर रेघ ओढून अक्षरे तिला टांगीत जाण्याचा. दोन शब्दांत फट नाही, विरामचिन्ह नाही. पडदा सरकवला की ओळ हरवे ती हरवेच. ‘अरे, हा कागद पळतोय,’ दादा वैतागून म्हणत, ‘जरा धर की त्याला!’ चार दिवसांत दोन कागद झाले. हा हिशेब मांडला तर १८४ कागदांना एक वर्ष लागणार होते, आणि दादांच्या डोळ्यापाशी एक वर्ष आहे की नाही हेच तर ठाऊक नव्हते.

लॅपटॉपला जोडावयाचा मोठा मॉनिटर घ्यावा, असे कन्येने सुचविले, म्हणून मी लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानात भिंतीभर पडदे मांडलेले, आणि सारेच्या सारे आडवे, जणू कोणी दारे काढून कुशीवर ठेवली आहेत. ‘कागद उभा पाहावयाचा आहे, उभा पडदा नाही का?’ मी विचारले. दुकानदार हसला. ‘काका, सगळे असेच येतात. बोला, किती इंची देऊ?’

आता ‘असेच येतात’ हे उत्तर इतिहासाच्या मास्तराला कसे पटावे? मी रिकाम्या हातांनी परतलो आणि दोन रात्री या आडवेपणाचा मागोवा घेतला. मौज अशी की माग निघाला तो थेट त्याच दुकानाच्या शेजारात येऊन पोचला.

१८९२च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाचा सहायक चलच्चित्राचा खटाटोप करीत होता. ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंद फिल्म त्याने मधोमध चिरली. झाली ३५ मिलिमीटरची पट्टी. एका चित्राला कडेची चार भोके दिली, तेव्हा चौकट आली सुमारे एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच, म्हणजे चारास तीन. पुढे जगभर हीच चौकट रूढ झाली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तोही अशाच पट्टीवर. २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक मंडळींना तो दाखविला गेला ते ऑलिंपिया थिएटर ग्रँट रोडवरचे, माझ्या दुकानदारापासून हाकेच्या अंतरावरचे. ३ मे रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला.

दुसरा धागा काचेच्या नळीचा. १८९७ साली स्ट्रासबुर्गला ब्राउन या पदार्थवैज्ञानिकाने किरणाने काचेवर रेघ उमटविणारी नळी तयार केली. टेलिव्हिजनचा पडदा तो या नळीचाच तळ. सुरुवातीच्या नळ्यांचे तोंड गोल असे, म्हणून नळी किती मोठी हे तिच्या व्यासावरून सांगत. पडदा पुढे चौकोनी झाला, पण व्यास सांगण्याची खोड गेली नाही, ती कर्णावर येऊन बसली. ‘किती इंची?’ या प्रश्नातले इंच हे कर्णाचे आहेत, आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच. २४ इंच कर्णाचा चारास तीन पडदा सुमारे २७६ चौरस इंच भरतो, तर तेवढ्याच कर्णाचा सोळास नऊ पडदा २४६च. जितका लांबट तितका लहान! कापडाच्या दुकानात कोणी असे मोजून दिले असते तर आपण चार लोक गोळा केले असते.

टेलिव्हिजनने चौकट उचलली ती सिनेमाचीच, चारास तीन. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला दूरदर्शन आले तेही त्याच आकारात. पण तोवर सिनेमा पळून गेला होता. अमेरिकेत लोक घरीच पेटी पाहत बसू लागले, थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा १९५३ साली सिनेमास्कोप निघाला, उंचीच्या अडीचपटीहून रुंद. घरात मावणार नाही असे काही दाखवावे हा त्यातला डाव! पुढे नव्या टेलिव्हिजनचा आकार ठरविण्याची वेळ आली तेव्हा १९८४ साली कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने तोडगा सुचविला. चालू असलेल्या साऱ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे कागद कापून त्याने एकावर एक ठेवले. ते सगळे सामावणारी चौकट निघाली सोळास नऊ. जुना कार्यक्रम लावा, डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या. रुंद सिनेमा लावा, वर-खाली काळ्या पट्ट्या. लवादाने दोन्ही भावांना सारखेच नाराज करावे, तसा हा निवाडा. टेलिव्हिजनचे पत्रे याच मापाने कापले जाऊ लागले, आणि स्वस्त पडते म्हणून २०१०च्या आगेमागे संगणकाचे बहुतेक पडदेही त्याच मापात आले. या साऱ्या व्यवहारात वाचणाऱ्याला कोणी विचारले नाही.

नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला, त्याचा पडदा उभा होता. रुंदीत ६०६ ठिपके, उंचीत ८०८. पांढऱ्यावर काळी अक्षरे, हुबेहूब कागद! ही मंडळी मुळी कागदाच्या धंद्यातली. पण तो दुकानात विकावयास आला नाही, आणि घरोघर गेलेल्या संगणकांना टेलिव्हिजनच्या घराण्यातल्याच नळ्या मिळाल्या. त्या अवजड ठोकळ्याला कुशीवर वळवील कोण?

ते सुलभ झाले द्रव-स्फटिकाच्या चपट्या पडद्यामुळे. १८८८ साली प्रागमध्ये रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला असा एक पदार्थ आढळला होता, जो वितळल्यावर प्रथम गढूळ राही आणि आणखी तापविल्यावर निवळे. मधली ती अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक. यापासून केलेल्या पडद्यांची एक खोड होती. कडेने पाहिले की अक्षर फिके पडे, आणि पडदा उभा केला तर फारच. ती घालविण्यात एका नागपूरकर विद्यार्थ्याचा हात आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम. एस्सी. झाले. पुढे १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराचे रेणूही द्रव-स्फटिक होतात हे दाखवून दिले. अशा रेणूंचे पातळ आवरण पुढे पडद्यांवर चढविले गेले आणि पाहण्याचा कोन रुंदावला. हल्ली आय.पी.एस. जातीचे पडदे मिळतात, त्यांची रचनाच वेगळी. त्यांत रेणू पडद्याच्या पातळीतच वळतात, म्हणून अक्षर कडेनेही ठसठशीत राहते.

एवढे कळल्यावर मी पुन्हा दुकानात गेलो तो वेगळाच माणूस होऊन. दुकानदाराने २७ इंची, फार बारीक ठिपक्यांचा पडदा पुढे केला. दिसावयास सुरेखच, पण उभा केला तर साडेतेवीस इंच उंच. दादांनी मान वर करून वाचावयाचे, म्हणजे डोळ्यासाठी मानेचा बळी. बारीक ठिपके तरुण नजरेला हवेत, दादांना अक्षर अंगठ्याएवढे हवे. मी मागितला २४ इंची, सोळास दहा मापाचा, आय.पी.एस. जातीचा, काच न चमकणारी आणि पाय असा की पडदा पाव वळसा फिरेल. नेहमीच्या सोळास नऊपेक्षा हा आडवा असतानाच सुमारे एक इंच उंच. उभा केला की वीस इंचांवर. माझ्या लॅपटॉपला कोणती तार लागते हे पाहून ती तिथेच जोडून घेतली. दुकानदार म्हणाला, ‘काका, हा फिरणारा पाय कोणी मागत नाही हो.’ मी म्हटले, ‘मोडी वाचणारेही कुठे उरलेत?’

घरी आल्यावर पडदा उभा केला आणि तिसरा कागद लावला. दादांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि सवयीने आधी तळाशी पाहिले, मग माथ्याशी. बराच वेळ बोलले नाहीत. मग वहीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हं, घे लिहून.’ दसऱ्यापर्यंत ९७ कागद झाले. तासाभराने डोळ्यातून पाणी येते, मग आम्ही थांबतो. भाऊबीज झाली की दादा वाईस परतणार आहेत, आणि मॉनिटरही त्यांच्याबरोबर गाडीतून जाणार आहे. त्याचे खोके मी माळ्यावर जपून ठेवले आहे. उरलेले कागद फोनवरून सांगावयाचे ठरले आहे.

परवा ते मला म्हणाले, ‘ही खाली घड्याळाची पट्टी कशाला रे? एक ओळ खाते ती.’ मी ती पट्टी लपवून टाकली.