पत्रकारिता पदवीतील विषयनियोजन : एक ऐतिहासिक आढावा
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही पदवीची विषयसूची वरकरणी प्रशासकीय बाब वाटते. अभ्यास मंडळाची बैठक होते, प्रश्नपत्रिकांची नावे ठरतात, गुण व तासिका यांची विभागणी होते आणि विद्वत्परिषदेच्या मान्यतेनंतर ती सूची महाविद्यालयांकडे येते. वस्तुतः त्या व्यवसायाविषयी विद्यापीठाची धारणा काय आहे, हे या सूचीवरूनच कळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाल्याने पत्रकारितेच्या विषयसूचीची फेरमांडणी आवश्यक ठरली आहे. अशा वेळी आजवरची सूची कोणत्या गृहीतकांवर उभी राहिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

दोन प्रारूपे

पत्रकारितेच्या विद्यापीठीय शिक्षणाची दोन प्रारूपे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आकारास आली. १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली पत्रकारितेची शाळा सुरू झाली. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष दैनिक काढावे आणि काढता काढता शिकावे, हे तिचे सूत्र होते. दुसरे प्रारूप जोसेफ पुलित्झर यांचे. १९०४ मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात त्यांनी भावी पत्रकारासाठी कायदा, नीतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सांख्यिकी, आधुनिक भाषा व भौतिक विज्ञान यांचा आग्रह धरला. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठाची शाळा १९१२ मध्ये सुरू झाली. पहिले प्रारूप कौशल्याला अग्रस्थान देते, तर दुसरे ज्ञानाला. त्यानंतरच्या बहुतेक अभ्यासक्रमांत या दोहोंचे प्रमाण ठरविण्याचाच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी पत्रकारिता विभाग सुरू केला. त्यांचे शिक्षण लंडन व मिसुरी येथे झाले होते. फाळणीनंतर हा विभाग दिल्लीत आणि पुढे चंदीगढ येथे स्थलांतरित झाला. आजच्या महाराष्ट्राचा विचार करता नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचा विभाग आरंभीच्या प्रयत्नांत मोडतो. त्याच्या उभारणीत १९५२-५३ मध्ये भारतात आलेले अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली यांचा वाटा होता. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठानेही पुढे स्वतंत्र पत्रकारिता विभाग उभारला.

या विभागांतील अभ्यासक्रमांची घडण साधारणतः सारखी होती. वृत्तसंकलन, संपादन, वृत्तपत्रांचा इतिहास, वृत्तपत्रविषयक कायदे, जाहिरात व जनसंपर्क आणि शेवटी वृत्तपत्र कार्यालयातील प्रात्यक्षिक, असे तिचे स्वरूप होते. वरवर पाहता ही मिसुरीच्या वळणाची मांडणी आहे. पुलित्झर यांच्या यादीतील अर्थशास्त्र, सांख्यिकी, विज्ञान हे विषय तीत अभावानेच आढळतात. तथापि यावरून अभ्यास मंडळांनी ज्ञानविषयांकडे दुर्लक्ष केले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

एका गृहीतकाचा लोप

महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ असलेली बी.जे. ही पदवी एका वर्षाची होती आणि तिला प्रवेश कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर मिळत असे. वर्गात इतिहासाचा पदवीधर, विज्ञानाचा पदवीधर, वाणिज्याचा पदवीधर आणि क्वचित वकीलही एकत्र बसत. ज्ञानविषय विद्यार्थ्याने आधीच्या तीन वर्षांत आत्मसात केलेले आहेत, हे या पदवीचे अलिखित गृहीतक होते. म्हणूनच उरलेले एक वर्ष व्यवसायाच्या तंत्राला देणे तर्कसंगत ठरत असे.

शतकाच्या वळणावर हे चित्र बदलले. मुंबई विद्यापीठाचा बी.एम.एम. आणि त्या धर्तीचे बारावीनंतरचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम राज्यात रुजले. याच सुमारास वृत्तवाहिन्यांचा विस्तार झाला, संगणकीय मांडणी सार्वत्रिक झाली आणि पुढे समाजमाध्यमे आली. विषयसूचीत वाढलेल्या जागा प्रामुख्याने दूरचित्रवाणी निर्मिती, छायाचित्रण, पृष्ठरचना, संकेतस्थळ लेखन, डिजिटल विपणन अशा विषयांनी व्यापल्या. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याकडे आधीची पदवी नाही, ही बाब मात्र सूचीत पुरेशी उमटली नाही. एका वर्षाच्या पदवीचा साचा तीन वर्षांवर ताणला गेला आणि ज्या पायावर तो उभा होता, तो पाया निघून गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या विषयनियोजनातील मूळ उणीव हीच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. युनेस्कोने २००७ मध्ये पत्रकारितेचा आदर्श अभ्यासक्रम मांडताना व्यावसायिक तंत्र, समाज व पत्रकारिता यांचा संबंध आणि जगाचे ज्ञान असे तीन अक्ष कल्पिले. यातील तिसऱ्या अक्षासाठी विद्यार्थ्याने विद्यापीठातील अन्य शाखांकडे जावे, ही अपेक्षा होती. एकाच महाविद्यालयात स्वतंत्रपणे चालणाऱ्या आपल्या पत्रकारिता विभागांना ही अपेक्षा पेलणे कठीण गेले.

चिकलठाणा, २६ एप्रिल १९९३

ज्ञानविषयांची निकड अमूर्त वाटू नये, म्हणून आपल्याच परिसरातील एक घटना पाहू. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकाबाहेरील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याची धडक बसली. पुढे उच्चदाबाच्या वीजतारांना आदळून विमान कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी विमान उचलण्यास केलेला विलंब व त्यांची चुकीची पद्धत, तसेच बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश, असा कारणनिर्णय चौकशीअंती झाला.

या घटनेची पहिली बातमी लिहिण्यास वृत्तलेखनाचे तंत्र पुरेसे आहे. दुसऱ्या दिवसापासूनचे प्रश्न मात्र वेगळे होते. धावपट्टीच्या तोंडाशी वाहता रस्ता का होता? उड्डाणाच्या वेळी तो थांबविण्याची जबाबदारी कोणत्या यंत्रणेची होती? एप्रिलमधील दुपारचे तापमान आणि विमानाचे वजन यांचा उड्डाणाच्या अंतराशी काय संबंध असतो? चौकशीचा अहवाल येण्यापूर्वी एखाद्यावर दोषारोप करता येतो काय? यांपैकी पहिले दोन प्रश्न लोकप्रशासनाचे, तिसरा भौतिकशास्त्राचा आणि चौथा कायद्याचा आहे. प्रश्न कसा विचारावा हे मुलाखततंत्र शिकविते. कोणता प्रश्न विचारावा हे त्या त्या विषयाच्या ज्ञानातूनच उमजते.

मराठवाड्याचा संदर्भ

ज्ञानविषय सर्वत्र तेच असावेत, असेही नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम राजवटीत होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्राला राजवटीची बंदी सोसावी लागली. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. वृत्तपत्रांचा इतिहास शिकविताना आपण ‘दर्पण’ (१८३२) पासून पुण्या-मुंबईची परंपरा क्रमाने सांगतो. त्यात ‘दीनबंधु’ (१८७७) व ‘मूकनायक’ (१९२०) यांना पुरेसे स्थान मिळाले पाहिजे, तद्वतच हैदराबाद संस्थानातील मराठी व उर्दू पत्रकारितेलाही मिळाले पाहिजे. १९७८ नंतरचे नामांतर आंदोलन आणि १९९४ चा विद्यापीठाचा नामविस्तार हे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांपर्यंत पोहोचलेले विषय होत. त्या काळातील वृत्तांकनाचा चिकित्सक अभ्यास येथील विभागांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

भाषेचा प्रश्नही केवळ इतिहासापुरता नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दूतील जुनी दप्तरे पुन्हा उघडली. लक्षावधी लोकांच्या हिताशी निगडित अशी ही कागदपत्रे ज्याला वाचता येत नाहीत, तो वार्ताहर दुसऱ्याने केलेल्या वाचनावर विसंबून राहतो. उर्दू किंवा मोडी लिपीचा प्राथमिक परिचय हा येथे छंदाचा भाग उरलेला नाही.

आक्षेप व विचार

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीनंतर लगेच काम हवे असते आणि वृत्तसंस्था तयार हात मागतात. हा आक्षेप रास्त आहे व तो सहानुभूतीने विचारात घ्यावा लागेल. परंतु उपकरणे व आज्ञावली काही वर्षांत कालबाह्य होतात. अर्थसंकल्प वाचण्याची, टक्केवारी तपासण्याची, माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) नेमका अर्ज लिहिण्याची क्षमता टिकून राहते. दुसरा आक्षेप असा की, इतके विषय शिकविण्यास पत्रकारिता विभागांकडे अध्यापक नाहीत. याचे उत्तर महाविद्यालयाच्या भिंतीआडच आहे. अर्थशास्त्र, सांख्यिकी, लोकप्रशासन व उर्दू यांचे अध्यापक बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत आधीच कार्यरत आहेत.

निष्कर्ष

नव्या श्रेयांक आराखड्यात मुख्य विषयासोबत गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, क्षेत्र प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांची तरतूद आहे. बी.जे. पदवीने पूर्वी गृहीत धरलेला ज्ञानाचा पाया या तरतुदींतून पुन्हा घालता येईल. त्यासाठी पुढील सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

१) गौण विषय म्हणून माध्यमांचाच आणखी एक विषय न देता इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन किंवा विज्ञान यांपैकी एक शाखा सलगपणे अभ्यासण्याची अट असावी.
२) सांख्यिकी व कायदा हे विषय सर्वांना अनिवार्य असावेत.
३) उर्दू अथवा मोडीचा एक अभ्यासक्रम खुल्या गटात उपलब्ध असावा.
४) क्षेत्र प्रकल्प एकाच परिसरावर वर्षभर चालावा. विमानतळ, औद्योगिक वसाहत, जुने गाव आणि २०१८ च्या कचराकोंडीनंतर उभा राहिलेला कचरा प्रक्रिया प्रकल्प हे सर्व चिकलठाण्यात एकत्र आढळते. एवढा एक परिसर समजून घेताना विद्यार्थ्याला वरील प्रत्येक विषयाची गरज भासेल.

तंत्राच्या प्रश्नपत्रिका कमी कराव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. तंत्राच्या आधी काय शिकलेले असावे, हा बी.जे. पदवीने कधीकाळी न विचारताच सोडविलेला प्रश्न आता अभ्यास मंडळांना विचारपूर्वक सोडवावा लागेल. विषयसूची एकदा मंजूर झाली की काही वर्षे तीच चालते आणि तेवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या बाहेर पडतात, याचे भान ठेवून हे नियोजन व्हावे.